सापळे नंतर घे, आधी तारेची जाळी

निलेश,

तुझा मेसेज तुझ्या आईने मला पाठवला. तुम्ही दोघं कॅनडात, ओंटारिओ प्रांतात येताय, ग्रे काउंटीत शंभर एकरांचं जुनं शेत बघून ठेवलंय, मधून ओढा जातो, कोंबड्या आणि थोडी मेंढरं पाळायचा बेत आहे. विकणारा म्हणाला की रॅकून (रात्री खुराड्यात, शेतात शिरणारा), बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्याला बांध घालणारा) आणि कायोटी (कोल्ह्याच्या जातीतला शिकारी) या तिघांचाही उपद्रव आहे. मग तू व्हिडिओ बघितलेस आणि आता विचारतोयस की सापळे लावायला सुरुवात कशी करायची, कोणते घ्यायचे, परवाना लागतो का आणि कातडी विकून खर्च निघतो का. मी इथे बरीच वर्षं मेंढ्या पाळतेय, ट्रॅपिंगचा, म्हणजे सापळे लावायचा परवानाही आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

सापळे आत्ता घेऊ नकोस. तीन प्राण्यांची तीन वेगळी उत्तरं आहेत. रॅकूनचं दुखणं बहुतेक वेळा जाळीने जातं. बीव्हरला बऱ्याचदा सापळ्याशिवाय इलाज नसतो. आणि कायोटी हे नवशिक्याचं काम नाही, मग व्हिडिओतला माणूस काहीही म्हणो.

आधी कायदा. आपण वाढलो ते 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली. तिथे फासे, सापळे, पिंजरे सगळाच गुन्हा, आणि रानडुकरांनी ऊस लोळवला तरी वनखात्याचे उंबरठे झिजवायचे. इथे सापळा लावणं हा रीतसर चालणारा उद्योग आहे, पण चौकट घट्ट आहे. ओंटारिओचा वन्यजीव संवर्धन कायदा 1997 चा. त्यात तुझ्यासाठी दोन दारं आहेत. पहिलं दार नुकसान टाळण्याचं. एखादा प्राणी तुझ्या मालमत्तेचं नुकसान करतोय किंवा करणारच आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर तू स्वतःच्या जमिनीवर त्याला हुसकावू शकतोस, पकडू शकतोस, मारू शकतोस. मात्र गरजेपेक्षा जास्त नाही आणि विनाकारण हाल करून नाही. विष घालायचं नाही. हरणांसारख्या काही प्राण्यांना हा नियम लागू नाही, पण तुझे तिघे त्यात बसतात. शरीर आवळणारे सापळे मात्र कोणीही उचलून लावू शकत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर काही सूट आहे, ती तुला नेमकी कितपत लागू होते हे ओंटारिओच्या नैसर्गिक साधनसंपत्ती मंत्रालयाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घे.

दुसरं दार फरचं, म्हणजे हंगामात सापळे लावून कातडी विकण्याचं. त्याला परवाना लागतो आणि नवीन माणसाला परवान्याआधी किमान 40 तासांचा कोर्स आणि परीक्षा. कोर्स कंटाळवाणा नाही. खुणा ओळखणं, सापळा लावणं, जनावर सोलणं, कातडं ताणून वाळवणं असं सगळं हाताने करून घेतात. नुसतं दारात आलेलं रॅकून आवरायचं असेल तरी मी म्हणते हा कोर्स करच. त्यातून मिळते ती ओळख. शिकवणारे आणि बरोबर बसणारे बहुतेक आसपासचे शेतकरी असतात, आणि पहिल्या थंडीत त्यांच्यातला एखादा तुला सोबत घेऊन फिरला तर वर्षभराचे व्हिडिओ त्यापुढे फिके पडतील. पकडलेलं जनावर बंदुकीने संपवायचं असेल तर बंदुकीचा परवाना वेगळा, त्याचा सुरक्षा कोर्स वेगळा. ते काम आल्याबरोबर सुरू कर, वेळ लागतो.

कोर्समध्ये ‘प्रमाणित सापळा’ हा शब्द सारखा कानावर पडेल. 1997 मध्ये कॅनडा, युरोपीय संघ आणि रशिया यांच्यात सापळ्यांच्या माणुसकीच्या निकषांवर करार झाला. जनावर किती वेळात बेशुद्ध व्हायला हवं, पाय धरणाऱ्या सापळ्याने कितपत इजा चालेल, हे मोजून सापळ्यांची मॉडेलं मंजूर होतात. त्यामुळे एखाद्याच्या गोठ्यात टांगलेले आजोबांच्या काळचे दातेरी सापळे स्वस्तात मिळाले तरी ते फार तर भिंतीवर लावायला.

आता रॅकून. हा प्राणी हाताने विचार करतो. पुढच्या पंजांची बोटं इतकी चलाख की साधी कडी, खिट्टी, आकडा सगळं उघडतो. विकणाऱ्याच्या खुराड्याला षटकोनी छिद्रांची पातळ जाळी असेल, इथे सगळ्यांचीच असते. ती कोंबडीला आत ठेवते, रॅकूनला बाहेर नाही. तो जाळीतून हात घालतो आणि जवळ झोपलेल्या कोंबडीचा जो अवयव हाती लागेल तो ओढून काढतो. सकाळी दिसतं ते सांगत नाही. तेव्हा अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घे, ती जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळव, आणि दाराला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतील अशी कडी लाव. कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहक वापरतात ती स्प्रिंगची कडी अडकवलीस तरी पुरतं. स्वीट कॉर्न लावणार असशील तर कणसं दुधात आली की तो येणारच, बहुधा तू तोडायचं ठरवलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री. तिथे विजेच्या कुंपणाच्या दोन तारा, एक जमिनीपासून वीतभर आणि दुसरी तिच्यावर वीतभर, एवढं बस्स.

एवढं करूनही एखादा सोकावला तर पिंजरा. आमिष म्हणून मार्शमॅलो, ती स्पंजासारखी गोड मिठाई घाल. हसू नकोस. मासे किंवा मांजराचं खाणं ठेवलंस तर शेजारणीचं मांजर सापडेल, आणि ते प्रकरण रॅकूनपेक्षा महागात जातं. पिंजऱ्यात जिवंत धरलेलं जनावर सोडायचं असेल तर 24 तासांच्या आत आणि पकडलं तिथून 1 किलोमीटरच्या परिघातच सोडावं लागतं. आपल्या मंडळातली अर्धी माणसं अभिमानाने सांगतात, ‘आम्ही मारत नाही हो, गाडीत घालून लांबच्या जंगलात सोडून येतो.’ हे बेकायदा आहे आणि कारण बिनतोड आहे. 2015 च्या अखेरीस हॅमिल्टन भागात रॅकूनमधला रेबीज सापडला आणि त्यानंतर सरकारला विमानातून, हेलिकॉप्टरमधून लशीची आमिषं टाकावी लागली. एक आजारी रॅकून डिकीत घालून दुसऱ्या काउंटीत नेणं म्हणजे काय, ते तूच बघ. शिवाय वसंतात पकडलेली मादी असली तर तिची पिल्लं माळ्यावर मागे राहतात आणि आठवडाभराने वास येतो.

आणि एक गोष्ट लिहून ठेव, कारण घरात लहान मूल आहे. रॅकून एकाच जागी पुन्हापुन्हा विष्ठा करतात, गोठ्याच्या माळ्यावर, लाकडाच्या ढिगावर. त्यात एका गोलकृमीची अंडी असतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत, डोळ्यापर्यंत जाऊ शकतात. अंडी ब्लीचने मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. कोरडा झाडू मारायचा नाही, आधी भिजवायचं, मास्क आणि हातमोजे घालायचे.

बीव्हरबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण तुझ्या जमिनीतून ओढा जातो. पाणी कुठे तुंबलंय ते आधी बघ. काठाला पॉप्लरची झाडं गुडघ्याच्या उंचीवर पेन्सिलीसारखी टोकदार कापलेली दिसतील, खाली तळव्याएवढे ढलपे, आणि पाण्यात साल सोलून पांढऱ्या केलेल्या काटक्या तरंगताना. साल हे त्यांचं खाणं. उरलेलं लाकूड आणि चिखल बांधाला जातो. ढलपे ओले आणि पिवळसर असतील तर कुटुंब आजही तिथे आहे, करडे पडले असतील तर घर सोडलंय. विकणाऱ्याकडून शेत बघताना ही एक पाहणी नक्की कर.

सगळ्याच बीव्हरांना हात लावायची गरज नसते. मागच्या कोपऱ्यात तळं झालं आणि तुझं काही बुडत नसेल तर राहू दे. बदकं येतात, उन्हाळ्यात पाणी टिकतं. राखायची ती फळझाडं खोडाला जाड जाळी गुंडाळून राखता येतात. पाणी ठराविक पातळीच्या वर चढू नये म्हणून बांधातून पाइप काढून त्याचं तोंड खोल पाण्यात जाळीत लपवतात, तेही चांगलं चालतं. पण रस्त्याखालची मोरी बुजली किंवा पाणी शेजाऱ्याच्या मक्यात शिरलं की बोलणी संपली. बांध फोडून उपयोग नाही, फोडलेला बांध ते एका रात्रीत बुजवतात. तसंही ट्रॅपिंगचा परवाना नसताना बीव्हरचा बांध फोडता येत नाही, स्वतःची मालमत्ता वाचवायची असेल तेवढीच सूट. एकदम फोडलास तर खालच्या माणसाच्या शेतात लोंढा जाईल तो वेगळाच. ओढा नगरपालिकेचा नोंदलेला ड्रेन, म्हणजे पाणी काढायचा चर असेल तर आधी त्यांच्या ड्रेनेज सुपरिंटेंडेंटला फोन कर. बरेचदा तेच ट्रॅपर पाठवतात.

बीव्हरचा नेहमीचा सापळा 330 नंबरचा, दहा इंचांची चौकोनी पोलादी चौकट आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंग. फ्रँक कोनिबेअर नावाच्या कॅनडातल्या ट्रॅपरने हा प्रकार 1950 च्या दशकात बाजारात आणला. पाय धरणाऱ्या सापळ्यात जनावर तासन्‌तास तडफडताना त्याने स्वतः पाहिलं होतं, त्याला झटकन मारणारा सापळा हवा होता. हा पाण्याखाली, बीव्हरच्या येण्याजाण्याच्या चरात लावतात. तळाचा चिखल तिथे घासून गुळगुळीत झालेला असतो, काठी फिरवली की कळतं. बीव्हर पंधरा मिनिटांपर्यंत श्वास धरू शकतो, म्हणून मानेवर झटका बसणं महत्त्वाचं. आणि तोच झटका तुझ्या मनगटावर बसला तर हाड मोडेल. चिमट्याने लावायला शिकेपर्यंत त्याला हात लावू नकोस, आणि खिशात चार-पाच फुटांची दोरी ठेव. हात अडकला तर दोरी स्प्रिंगच्या कड्यांतून ओवायची, दुसरं टोक पायाखाली घेऊन ओढायचं. हे कोर्समध्ये करून घेतात, घरीही सराव कर. बर्फावर जाशील तेव्हा बीव्हरच्या घराजवळचा आणि चरावरचा बर्फ बाकीपेक्षा पातळ असतो हे विसरू नकोस. एकटा जाऊ नकोस. कुत्रा मोकळा सोडणार असशील तर कोरड्या जमिनीवर हा सापळा कधीच नाही.

राहिला कायोटी. संध्याकाळी कोल्हेकुई ऐकून तुमची पहिली रात्र झोपेविना जाईल. दोघे-तिघे ओरडतात आणि वाटतात दहा. इथला कायोटी पश्चिमेतल्यापेक्षा दांडगा असतो, त्याच्यात लांडग्याचं रक्त मिसळलंय. पण तो दिसला म्हणजे मेंढी खाणारच असं नाही. उंदीर, ससे आणि मेलेली जनावरं हेच त्याचं बरंचसं पोट. जी जोडी तुझ्या मेंढ्यांना हात लावत नाही ती मारलीस तर रिकाम्या जागी दुसरी येते, आणि ती कशी निघेल सांगता येत नाही. म्हणून आधी मेलेलं कोकरू, मेंढी व्याल्यावर पडणारी वार, काहीही उघड्यावर टाकायचं नाही. रात्री मेंढ्या विजेच्या जाळीच्या कुंपणात. तू सांगलीचा, धनगर रानात वाघर लावून मेंढरं कोंडतात ते पाहिलंयस, हे त्याचंच वीज खेळवलेलं भावंड. आणि ग्रेट पिरेनीजसारखा राखणीचा कुत्रा, लहानपणापासून मेंढ्यांत वाढवलेला. मेंढी मेलीच तर गळा बघ. कायोटी सहसा गळ्याला धरतो, मोकाट कुत्रे मागचे पाय आणि कुशी फाडतात. फोटो काढ, मृतदेह हलवू नकोस, लगेच टाउनशिपला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला कळव. ते माणूस पाठवतात आणि खात्री पटली तर प्रांताच्या योजनेतून भरपाई मिळते.

सापळ्याने कायोटी धरायचा तर पाय धरणारा, दातांशिवाय आणि फट असलेल्या किंवा रबर लावलेल्या जबड्यांचा. सापळे झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, मेण चढवायचं, वेगळे हातमोजे, चाळलेली माती, आणि माणसाचा वास नको म्हणून गुडघ्याखाली पोतं. रोज जाऊन बघावंच लागतं, वादळ असो की उणे वीस अंश. पहिले दोन हिवाळे कोणाच्या तरी मागे फिर, मग ठरव.

पैशाचं सांगते. हडसन बे कंपनी 1670 मध्ये बीव्हरच्या कातड्यांवर उभी राहिली आणि 2025 मध्ये दुकानं बंद करून संपली. पाच सेंटच्या नाण्यावर 1937 पासून बीव्हर आहे तो आहेच. नॉर्थ बेला ट्रॅपरांच्या मालकीचं लिलावघर आहे, माल तिथे जातो. पण भाव पडलेले आहेत. कायोटीला मध्यंतरी बरे पैसे येत होते ते कोटाच्या टोपीच्या किनारीमुळे. कॅनडा गूज या कोट बनवणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये फर सोडायचं जाहीर केलं आणि ती गंमत ओसरली. पेट्रोल निघालं तर निघालं. रॅकूनच्या कातड्याखालची चरबी खरवडण्यात जी संध्याकाळ जाते तिची मजुरी कोणी देत नाही. बीव्हरची एक कस्तुरीसारखी ग्रंथी असते, अत्तरवाले आणि ट्रॅपर दोघं घेतात, ती फेकू नकोस.

खरेदीखत होण्याआधी विकणाऱ्याला एकच विचार: आत्ता त्याच्या जमिनीवर सापळे कोण लावतं? खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, तेव्हा असा कोणीतरी बहुधा असेलच. त्याचा नंबर घे आणि तुझ्या सहीची नवी परवानगी दे. ओढ्यातलं बीव्हरचं घर, मोरी, कायोटीची वाट हे सगळं त्याला ठाऊक असतं.

मावशी