मत नको, जागा दाखव

प्रिय मुली,

तुझी दोन्ही टिपणं वाचली. ‘साबर बोंडं’ हा सिनेमा पाहून आलीस त्या रात्रीचं: ‘मध्ये मध्ये कंटाळा आला.’ आणि दोन दिवसांनी, बाकीच्यांचं सगळं वाचून झाल्यावरचं: ‘संयत, तरल, नितांतसुंदर.’ खाली विचारलंयस, मावशी, यातलं माझं खरं मत कुठलं?

एकही नाही. दोन्हींत सिनेमा कुठाय?

तुझे आजोबा गाणं ऐकून आले की ‘छान गायला’ असं कधी म्हणायचे नाहीत. परतताना रिक्षात ती एवढीशी हरकत स्वतःच्या बेसूर गळ्यातून काढून दाखवायचे आणि म्हणायचे, ‘ही जागा बघ.’ बस. मला तुझ्याकडून तेवढंच हवंय. जागा दाखव.

कंटाळा आला ना? कुठे आला? वडील गेल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. कॅमेरा ठाण मांडून बसतो, पार्श्वसंगीताचा आधार नाही. नातेवाईक पुन्हा पुन्हा त्याच्या लग्नाचं काढतात तिथे कंटाळलीस, की तो आणि गावातला त्याचा मित्र बाळ्या नुसते एकमेकांजवळ असतात तिथे? नातेवाइकांना कंटाळली असशील तर आनंदही कंटाळलाय, तू त्याच्या शेजारी बसली आहेस, आणि ते टिपण बदलायची काहीच गरज नव्हती. त्या दोघांना कंटाळली असशील तर आपलं भांडण आहे, आणि मला ते भांडण करायला आवडेल. पण तू ‘मध्ये मध्ये’ म्हणतेस. ‘मध्ये मध्ये’शी कसं भांडू? २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला मोठं बक्षीस मिळालं म्हणून टिपण बदललंस, हो ना? परीक्षकांनी त्यांच्या जागा पाहिल्या असतील. तुझ्या कुठायत?

असं चिडून लिहितेय, कारण तुला हे जमतं. ‘राजी’ हा व्हिडिओ गेम खेळून तू लिहिलंस: ‘कॅमेरा मागे मागे गेला, एवढ्या मोठ्या महालापुढे राजी मुंगीएवढी झाली, मी बघत राहिले आणि उडी मारायची विसरून खाली पडले.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सच्या पोरांनी २०२० मध्ये हा गेम आणला तेव्हा भाच्याच्या हट्टापायी मीही कंट्रोलर धरला होता. अंगठे दुखले, पहिल्याच मारामारीत इतक्यांदा मेले की तो हसून हसून लोळला. राजीच्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधणं तसंच राहिलं. पण तुझं वाक्य वाचलं आणि तो महाल पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. मग त्याखाली ‘ग्राफिक्स ८, गेमप्ले ६’ कशाला? परीक्षेचे पेपर तपासतेयस? आणखी खाली तक्रार आहे की कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही. अगं, ज्या कॅमेऱ्यानं वैताग दिला त्यानंच तुला मुंगी दाखवली. हे दोन्ही एका वाक्यात बसवून बघ. दिवसभर लागेल. लागू दे.

मी एवढी हटून का बसते, ते सांगते. तीसेक वर्षांपूर्वी मी एका रविवार पुरवणीत पुस्तकांवर लिहायचे. एका मित्राची पहिली कादंबरी आली. मी चाळीसेक पानं वाचली, बाकी चाळली, आणि लिहिलं: ‘आश्वासक पदार्पण. भाषेवरची पकड विलक्षण.’ तो पेढे घेऊन घरी आला. चहा घेता घेता सहज म्हणाला, ‘भाषा म्हणालीस ते कुठल्या भागाबद्दल?’

मला एकही भाग आठवेना. मी ‘एकूणच’ म्हणाले. त्यानं कप खाली ठेवला. रागावला नाही, पेढेही ठेवून गेला. त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही. ते माझ्यामुळे, असं मी मानत नाही. त्याची बदली झाली, घरी आजारपण होतं, आणि दर आठवड्याला दोन पुस्तकं आणि मजकूर मंगळवारी, अशा धबडग्यात कोण अक्षरन् अक्षर वाचत होतं? सगळे असंच लिहायचे. टीका केली असती तरी चाललं असतं, पण कुठल्या तरी पानावर बोट ठेवून करायला हवी होती.

मी आपलं स्वतःचंच आठवत बसले. तुझ्याकडे येते.

‘हार्ट लॅम्प’बद्दल लिहितेस, ‘अनुवाद खटकला.’ बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथा, इंग्रजी दीपा भास्ती यांचं. भास्तींनी कन्नड-उर्दू शब्द तिरप्या अक्षरांत टाकलेले नाहीत, तळटिपाही दिलेल्या नाहीत, आणि हे मुद्दाम केलंय. तुला नेमकं तेच खटकलं का? एखाद्या शब्दाशी अडखळलीस का? मग तो शब्द लिही. आपण धारवाड-बेळगावकडच्या, आपल्या घरात कन्नड ऐकू येतं, तरी तू इंग्रजीत अडखळलीस, ही केवढी मोठी जागा आहे! आणि शीर्षककथेत मेहरून रॉकेल ओतून घेते, तेव्हा थोरली पोर तान्ह्याला घेऊन समोर येते. तिथे तू काय केलंस? पुस्तक मिटलंस का? टिपणात त्याचा उल्लेखच नाही. बाराही कथांना मिळून ‘अस्वस्थ करणाऱ्या’ एवढा एकच शब्द. मी रात्री ते पान वाचलं आणि उठून उगाच गॅसचं बटण बंद आहे का ते पाहून आले. कितीही बावळट वाटलं तरी हे लिहायचं असतं.

मित्राची कादंबरी मी गेल्या पावसाळ्यात पहिल्या पानापासून वाचली. एकशे बाराव्या पानावर एक म्हातारी पाहुणे गेल्यावर त्यांच्या उष्ट्या कपांतला उरलेला चहा एकत्र करून गरम करते आणि पिते. इतकंच. मी त्याला पत्र टाकलं, पान क्रमांकासकट. उत्तर आलेलं नाही.

टिपणं परत पाठवतेय. ‘नितांतसुंदर’वर काट मारली आहे. ‘मध्ये मध्ये’ खाली रेघ ओढून पुढे जागा सोडली आहे, ती भरून रविवारी घेऊन ये. सिनेमा पुन्हा बघावा लागला तर बघ, तिकिटाचे पैसे मी देईन.

तुझी,
मावशी