बोटांचं दुखणं आणि कलम 69

जिंतूर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. नऊ वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, हाताची दोन्ही हाडं मोडली. नांदेडला खासगी दवाखान्यात पैसे भरून आतून टायटॅनियमच्या सळया घातल्या, वर प्लास्टर. पोरगं रात्रभर कळवळलं, प्लास्टर दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. आता हाड जरा वाकडं आहे, बोटं वळली आहेत. डॉक्टर "बघू" म्हणत राहिले म्हणून हे थांबले. ऑपरेशनला 22 महिने झाले. आता ग्राहक आयोगात तक्रार करता येईल का?

बावीस महिने वाट कशाची पाहिलीत? ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीला मुदत दोन वर्षांची. तोंडी तडजोडीने ती एक दिवसही वाढत नाही. बोटांचा दोष नंतर कळला, मुदत तेव्हापासून धरा, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. ऑपरेशनची तारीखच धरा. विलंब माफीचा अर्ज असतो, पण "डॉक्टर बघू म्हणाले" हे कारण टिकेलच असं नाही. मूल अज्ञान (18 वर्षांखालचं) आहे म्हणून मुदत थांबते, हेही आयोगापुढे गृहीत धरू नका.

वाकड्या हाडाचा मुद्दा सोडा. या वयात थोडा बाक वाढीबरोबर भरून येतो, तेवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तुमची केस त्या रात्रीची आहे. सुजेने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत कायमचं नुकसान होतं. खूण ठरलेली: दुखण्याचं इंजेक्शन देऊनही कळ वाढते, बोटं सरळ करायला गेलं की मूल किंचाळतं. तेव्हा प्लास्टर आतल्या कापसासकट चिरायचं, तरी उतार नसेल तर लगेच शस्त्रक्रिया करून दाब मोकळा करायचा. म्हणून नर्सिंग नोट्स आणि औषधांचा तक्ता हवा: इंजेक्शनं किती वाजता दिली, डॉक्टर किती वाजता आले, बोटं तपासल्याची नोंद आहे का.

या कागदांसाठी दवाखान्यात उद्याच लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार कागद 72 तासांत द्यायचे असतात आणि तीन वर्षं जपायचे असतात. तक्रारीआधी दवाखान्याला नोटीस पाठवण्यात महिना घालवू नका, ती सक्तीची नाही. तक्रार परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, कारण तुम्ही तिथे राहता. मुलाच्या नावे, तुम्ही अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अज्ञान मुलाचे पालक म्हणून. उपचाराला पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर शुल्क नाही. भरपाई किती मिळेल, ते आज सांगता येणार नाही.

दरम्यान छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा. मनगट खाली वाकवलं की बोटं उघडतात आणि वर केलं की मिटतात, असं होत असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्या. सळया अजून आत असतील तर काढण्याआधीचा एक्स-रे स्वतःकडे ठेवा.