"मांडीवर घेतलं की लगेच गप्प होतं हो!"

ठाण्यात, विशेषतः घोडबंदर रोडला राहणाऱ्या नव्या आयांकडून हल्ली हे हमखास ऐकते. कार सीट घेतलेली असते, पण बाळ त्यात बसत नाही.

मृणालचंही (नाव बदललंय) तेच. बाळ आठ महिन्यांचं, नऊ किलोचं. सोबत सासूबाई.

"इतकं कळवळून रडतं, आणि आई म्हणतात, कशाला हाल करतेस लेकराचे?"

काकूंना मी पटवायला गेले नाही. पटवायला गेलं की माणूस हट्टाला पेटतो, हे माझं ठाम मत आहे. फक्त विचारलं, "गायमुखच्या उतारावर कधी करकचून ब्रेक लागलाय?"

"लागतो की! परवा माझी पर्स थेट पुढच्या सीटखाली गेली."

"ठेवली कुठे होती?"

"मांडीवर. चांगली दोन्ही हातांनी धरली होती..."

त्या थांबल्या. नातवाकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाल्या, "अगं, पर्स अर्धा किलोचीसुद्धा नव्हती."

आकडा मी त्यानंतर सांगितला, आधी वायाच गेला असता. ताशी ५० किमी वेगात धडक बसली तर नऊ किलोचं बाळ क्षणभर दीडशे-दोनशे किलोंच्या जोराने पुढे खेचलं जातं. आपल्याच बेल्टमध्ये त्याला घेतलं तर आणखी वाईट, आपल्या वजनाखाली ते चिरडतं.

राहिलं रडणं. पुढच्या वेळी सीटच घेऊन यायला सांगितली. तान्ह्या बाळासाठीची उशी अजून आतच, पट्टे सगळ्यांत खालच्या खाचेत. खांदे दाबले जात होते. पोर रडेल नाही तर काय! हट्टीपणाचा शिक्का मारण्याआधी सीट तपासावी.

बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरता येत असेल तर तो सैल आहे. दुपटं पट्ट्यांच्या वरून घाला, आतून नको. बेल्ट किंवा आयसोफिक्स (गाडीच्या सीटमधल्या कड्यांना कार सीट थेट अडकवायची सोय) जिथे अडकतं तिथे धरून हलवल्यावर सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी उलटी सीट कधीच लावू नये. उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चटका देतं, आधी हात लावून पाहा.

सवय उभ्या गाडीत लावायची, पोट भरलेलं असताना, पाचेक मिनिटं, शेजारी आई. रस्त्यात फारच रडलं तर गाडी बाजूला घ्या आणि मगच उचला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट वा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाच्या धाकाने कुणी बदललेलं मी तरी पाहिलं नाही.

निघताना काकूंनी विचारलं, "पाय दुमडतात हो त्याचे, सरळ फिरवू का सीट?"

नको. पाय दुमडले तर बिघडत नाही, जपायची ती मान. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिने उलटंच बसवायचं आहे. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत तसंच ठेवलं तर उत्तमच.