वाचकांचे प्रश्न: छोटी दुर्बीण हाती आल्यावर

प्रश्न: ७० मिमी व्यासाची आणि ७०० मिमी नाभीय अंतराची (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) दुर्बीण घेतली आहे. सोबत २५, १० व ४ मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि दुप्पट वर्धन देणारी बार्लो लेन्स मिळाली. खोक्यावर ‘३५० पट’ छापलं आहे. पण ४ मिमीचा आयपीस बार्लोत बसवून गुरू पाहिला, तर करड्या, थरथरणाऱ्या डागापलीकडे काही दिसत नाही. दुर्बीण सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. दोष खोक्यावरच्या आकड्यात आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की वर्धन मिळतं. तुमच्याकडे २५ मिमीने २८ पट, १० मिमीने ७० पट आणि ४ मिमीने १७५ पट वर्धन होतं; त्यावर बार्लो चढवली की ३५०. गणित बरोबर आहे, पण ७० मिमीचं भिंग एवढं पेलू शकत नाही. ते जेवढा प्रकाश गोळा करतं तेवढाच मोठ्या प्रतिमेवर पसरतो, म्हणून प्रतिमा अंधारते. शिवाय साधारण १.७ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जवळ असलेले दोन तारे या व्यासाच्या भिंगातून वेगळे होतच नाहीत. त्यापुढे वर्धन वाढवलं तर फक्त अस्पष्टपणा मोठा होतो.

मिमीमधल्या व्यासाची दुप्पट ही वर्धनाची वरची मर्यादा धरावी. तुमच्यासाठी ती १४० पट, आणि तीही हवा शांत असलेल्या रात्री. १० मिमी आणि बार्लो मिळून नेमकं तेवढंच होतं. म्हणजे ४ मिमीचा आयपीस खुशाल डबीतच राहू द्या.

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. आयपीसचं दृश्य क्षेत्र ५० अंशांचं असेल तर ७० पटीला आकाशाचा सुमारे ०.७ अंश दिसतो आणि ग्रह तो जेमतेम तीन मिनिटांत ओलांडतो. ३५० पटीला हेच अर्ध्या मिनिटात घडतं. त्यात फोकसच्या चाकाला बोट लागलं की ट्रायपॉडचा कंप तितक्याच पटीने वाढतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी २५ मिमी लावून ग्रह मधोमध आणा, फोकस करा, मग नळी न हलवता १० मिमी बसवा आणि पुन्हा फोकस करा. ७० पटीला गुरूचे दोन मुख्य पट्टे आणि चार मोठे चंद्र स्वच्छ दिसायला हवेत. चारच्या जागी तीन दिसले तर घाबरू नका. एखादा गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या सावलीत असतो.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढू नका. खुर्चीत बसून पाहता येईल इतकीच उंची ठेवा आणि मधल्या ताटलीखाली दोन-तीन किलोची पाण्याची बाटली टांगा. स्वस्त ट्रायपॉडला इतका गुण देणारा दुसरा उपाय नाही.

प्रश्न: फाइंडरमध्ये (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या छोट्या साधनात) तारा बरोबर मध्ये असतो, पण दुर्बिणीत नुसता अंधार. असं का?

उत्तर: दोघांची दिशा जुळलेली नाही. हे काम अंधारात करू नका, दिवसा करा. किमान अर्धा-एक किलोमीटर दूरचं टॉवरचं टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि माउंटचे (नळी धरून ठेवणाऱ्या आधाराचे) स्क्रू घट्ट करा. आता नळीला हात न लावता केवळ फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याची फुली किंवा लाल ठिपका त्याच टोकावर आणा. मग १० मिमी लावून हेच पुन्हा करा. वीस-तीस मीटरवरच्या खांबावर जुळवलं तर रात्री चुकेल, कारण फाइंडर आणि नळी यांच्यात काही सेंटिमीटरचं अंतर असतं आणि जवळच्या वस्तूसाठी ते महत्त्वाचं ठरतं. रात्री ताऱ्यावर बारीक दुरुस्ती करायची तर ध्रुवतारा सोयीचा, तो जागचा जवळजवळ हलत नाही.

हे करताना सूर्य पाठीशी ठेवा. आयपीसच्या तळाशी बसवायचा छोटा काळा ‘सन फिल्टर’ दुर्बिणीसोबत आला असेल तर तो आजच फोडून टाका. भिंगाने एकवटलेली उष्णता नेमकी त्यावर पडते, काच तडकते आणि डोळा क्षणात कायमचा जातो. सूर्यासाठी फिल्टर लागतो तो नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा, वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवलेला. तेव्हाही फाइंडर झाकलेला हवा.

प्रश्न: पौर्णिमेला चंद्र पाहिला. डोळे दिपले, विवरं मात्र दिसली नाहीत.

उत्तर: पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्याच नसतात. शुक्ल चतुर्थीपासून दशमीपर्यंत पाहा आणि नजर उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर ठेवा. नवमी-दशमीच्या सुमारास सुमारे ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवरावर सूर्य उगवतो. कडा उजळलेली, तळ काळोखात, आणि तासाभरात मधल्या डोंगरांची टोकं एकेक करून पेटताना दिसतात. पौर्णिमेची रात्र टायको विवरातून फुटलेल्या पांढऱ्या रेषांसाठी राखून ठेवा.

प्रश्न: शनीची कडी चित्रातल्यासारखी रुंद दिसत नाहीत.

उत्तर: २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वीने कड्यांची पातळी ओलांडली, तेव्हा ती आपल्याला कडेवरून दिसत होती. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत असा योग दोनदा येतो. त्यानंतरच्या वर्षांत कडी हळूहळू उघडत जातात. २८ पटीला शनी लांबट दिसेल, ७० पटीला कडी वेगळी ओळखू येतील.

प्रश्न: मृगातला तेजोमेघ राखाडी दिसतो, गुलाबी का नाही?

उत्तर: मंद प्रकाशात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. छायाचित्रात कॅमेरा प्रकाश मिनिटेच्या मिनिटे साठवतो. पण या तेजोमेघाला राखाडी म्हणून सोडून देऊ नका, छोट्या दुर्बिणीसाठी आकाशात याहून चांगलं फार थोडं आहे. वीस ते तीस मिनिटं अंधारात बसा, मोबाइल अजिबात उघडू नका, नकाशासाठी मंद लाल टॉर्च वापरा. मग तेजोमेघाकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवा. दोन्हीकडे पसरलेले पंख उमटतील. ७० पटीला मध्यभागी चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन दिसतो. तेजोमेघ उजळतो तो मुख्यतः त्यांच्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यामुळे.

प्रश्न: भिंगावर दव साचतं. रुमालाने पुसू का?

उत्तर: नको, धुळीच्या कणांनी ओरखडे पडतील. काळ्या जाड कागदाची नळी करून तोंडापुढे लावा; तिची लांबी व्यासाच्या दीड ते दोन पट ठेवा. दव पडलंच तर हेअर ड्रायरची मंद, कोमट हवा दुरून द्या. घरात आणल्यावर लगेच टोपण लावू नका. भिंग पूर्ण कोरडं झाल्यावरच झाका, नाहीतर आत अडकलेल्या ओलीने बुरशी धरते. पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि दमट दिवसांत बदलत राहा.