लकव्यानंतर बाबा उगाच रडतात?

ताई, साधी जाहिरात बघून हुंदके देतात आणि मिनिटभरात नॉर्मल होतात म्हणताय ना, ते बहुतेक दुःख नसावं, स्ट्रोकने मेंदूचा भावनांवरचा ब्रेक सैल होतो त्यातला प्रकार वाटतोय. तेव्हा "रडू नका" म्हणत बसू नका, सरळ विषय बदला, चहाचं विचारा. पण जेवण टाकलंय, झोप उडालीय, फिजिओवाला आला की भिंतीकडे तोंड करून पडतात असं दोन आठवडे चाललं तर डिप्रेशन असू शकतं, स्ट्रोकनंतर साधारण ३ पैकी १ पेशंटला होतंच, आणि "आळशी झालेत" म्हणणाऱ्या नातेवाईकांचं तर अजिबात ऐकू नका. व्हिडिओ काढून न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, दोन्हीवर गोळ्या आहेत, फक्त आपल्या मनाने चालू-बंद करायच्या नाहीत. मरणाचं बोलायला लागले तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.