‘जाईन’ की ‘जाणार आहे’? स्पॅनिशमधले बेत आणि ‘फुतूरो’

इंदूरच्याच एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. स्पॅनिशच्या शिकवणीत तिला सांगितलं, की ‘बोय आ’ लावला की जवळचा भविष्यकाळ आणि क्रियापदाच्या शेवटी ‘ए’ लावला की दूरचा. मग ‘पुढच्या वर्षी मी पुण्याला शिकायला जाणार आहे’ हे कसं म्हणायचं? वर्ष म्हणजे जवळ की दूर?

उत्तर आधी देऊन टाकतो. बेत ठरला असेल तर ‘बोय आ’, मग तो आज रात्रीचा असो की दहा वर्षांनंतरचा. ‘एल आन्यो के बिएने बोय आ एस्तुदियार एन पुने.’ ‘बोय’ म्हणजे ‘जातो’; ‘इर’ (जाणे) या क्रियापदाची वर्तमानातली रूपं बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान; मधला ‘आ’ गाळायचा नाही, आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘बोय कोमेर’ (कोमेर म्हणजे खाणे) असं सर्रास ऐकू येतं, ते चूक. ‘वोय’ हा उच्चारही सोडा, स्पॅनिशमध्ये तिथे ‘ब’च आहे.

आता मला खरं जे बोलायचंय ते. ही अडचण स्पॅनिशची नाहीच, आपल्या इंदुरी मराठीची आहे. तिकीट खिशात आहे, बॅग भरून झालीय, आणि माणूस सांगतो, ‘मी उद्या पुण्याला जाईन.’ जाईन काय? जाणार आहेस! ‘जाईन’ म्हणजे जमलं तर, मनात आलं तर, किंवा तू म्हणतोस म्हणून. दिवसभर कानावर ‘जाऊँगा’ पडतं, हिंदी त्या एकाच रूपात बेतही बसवते आणि वचनही, आणि घरी आल्यावर आपण त्याचं ‘जाईन’ करतो. मग हीच मुलं स्पॅनिशच्या वर्गात बसून प्रत्येक बेताला ‘इरे’ (जाईन), ‘कोमेरे’ (खाईन) जोडत सुटतात. ज्याच्या मराठीत ‘णार आहे’ शाबूत आहे, त्याला ‘बोय आ’ वेगळा शिकवावा लागत नाही. आज रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू खायचा बेत पक्का आहे? ‘एस्ता नोचे बामोस आ कोमेर गराडू एन साराफा.’ खाणार आहोत. झालं.

आणि हे ‘णार’ फार जुन्या विचाराचं आहे. स्पॅनिशमध्ये भविष्याला ‘फुतूरो’ म्हणतात. तो लॅटिन ‘फुतूरुस’, आणि फुतूरुसचा अर्थ अक्षरशः ‘होणार’. त्यातला ‘फु’ म्हणजे आपला ‘भू’ धातू. त्याच ‘भू’पासून संस्कृतात ‘भविष्यत्’ झालं, आणि ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ होऊन आपलं ‘होणे’ झालं. म्हणजे फुतूरो, भविष्य आणि होणार हे तिन्ही एका धातूचे. स्पॅनिश वहीच्या पहिल्या पानावर ‘फुतूरो’ लिहिणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘णार आहे’ ही नुसती इंग्रजीची नक्कल, असं म्हणणारे विद्वानही भेटतात. त्यांनी संस्कृतचा लुट् लकार, म्हणजे तिथला एक भविष्यकाळ, उघडून बघावा. ‘गन्तास्मि’ म्हणजे गन्ता अस्मि: जाणारा आहे मी. कर्त्याचं नाम आणि जोडीला ‘असणे’, हीच घडण मराठीने ‘जाणार आहे’मध्ये केली. प्रत्यय वेगळा, विचार तोच. माझं तर ठाम मत आहे, की माणूस स्वतःला ‘जाणारा’ म्हणवतो तेव्हा तो काळ सांगतच नसतो, आपली आजची स्थिती सांगत असतो. म्हणून तर ‘आहे’ वर्तमानात राहतं, आणि ‘बोय’सुद्धा वर्तमानातलंच रूप आहे.

आता त्या जवळ-दूरच्या विभागणीकडे. पाणिनीचं सूत्र आहे, ‘अनद्यतने लुट्’. जे आजचं नाही अशा भविष्यासाठी लुट्. म्हणजे संस्कृतात ‘जाणारा आहे मी’ ही घडण दूरच्यासाठी आहे, आणि आपल्या शिकवण्या तसलीच जोडरचना जवळची म्हणून शिकवतात! जवळ-दूर हे भाषेत कुठेकुठे असतं, पण या घडणीला जन्मतः चिकटलेलं नसतं. स्पॅनिशमध्ये ‘दहा वर्षांनी घर घेणार आहे’ हे ‘बोय आ’नेच म्हणतात, आणि कुणाला ते खटकत नाही. पाठ्यपुस्तकांनी ‘फुतूरो प्रोक्सिमो’ (जवळचा भविष्यकाळ) हे लेबल काढून टाकावं, त्याने नवशिक्यांचा गोंधळच वाढतो.

हिंदीला मी दोष दिला खरा, पण तिच्या ‘गा’चं कूळ सुंदर आहे. ‘जाऊँगा’तला ‘गा’ म्हणजे ‘गत’, गेलेला. म्हणूनच बाई ‘जाऊँगी’ म्हणते. ‘गा’ मुळात कृदंत आहे, त्याला लिंग लागतं. भविष्य सांगायला ‘जाणे’ वापरायचं हे हिंदीने केलं आणि ‘बोय आ’ रचणाऱ्या स्पॅनिशनेही केलं. इंदूरच्या भिया (भैया) लोकांचं ‘चलेंगे’ आणि स्पेनमधलं ‘बामोस आ’ इथे एकमेकांना भेटतात.

आणि ‘इरे’तला, ‘कान्तारे’तला तो शेवटचा ‘ए’? तो प्रत्यय नव्हताच. कान्तार म्हणजे गाणे, आणि ‘ए’ म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. लॅटिनमध्ये ‘गायचं आहे मला’ अशी रचना होती, ती घासून ‘गाईन’ झाली. ए, आस, आ, एमोस, एइस, आन ही शेपटं ‘आबेर’ (जवळ असणे) या क्रियापदाच्या वर्तमानाची आहेत. जुन्या स्पॅनिशमध्ये मध्ये सर्वनाम घुसवता यायचं: ‘दार लो ए’, देईन ते. पोर्तुगीजांच्या औपचारिक लिखाणात ही फट आजही दिसते. स्पॅनिश व्याकरणकार नेब्रिहाने 1492 साली छापलेल्या आपल्या कास्तील्यन (म्हणजे स्पॅनिश) व्याकरणात ही जोडणी ओळखली होती. आजच्या शिकवण्यांत ती पाच मिनिटं सांगितली, तर तक्ता पाठ करायचे निम्मे कष्ट वाचतील.

मग हे ‘ए’वालं रूप कशाला? वचनाला, जाहीर घोषणेला, आणि मुख्य म्हणजे अंदाजाला. लॅटिन अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात तर बेतांसाठी ते क्वचितच येतं. दारावरची घंटा वाजते आणि स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘किएन सेरा?’ आपण काय म्हणतो? ‘कोण असेल?’ तेही भविष्याचंच रूप, आणि माणूस तर दाराशी उभा आहे. ‘सेरान लास त्रेस’, तीन वाजले असतील. ‘एस्तारा एन कासा’, घरी असेल. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पान चार वेळा वाचावं लागतं, मराठी माणसाला एकदाही नाही.

एका जागी मात्र मराठीवर विसंबू नका. ‘जाईन’ला ‘नाही’ जोडता येत नाही. ‘जाईन’चा नकारही ‘जाणार नाही’ आणि ‘जाणार आहे’चा नकारही ‘जाणार नाही’. स्पॅनिश हे दोन्ही वेगळे ठेवते: बेत रद्द असेल तर ‘नो बोय आ इर’, आणि ठणकावून नकार द्यायचा असेल तर ‘नो इरे’ही चालतं. अंदाजाच्या नकाराला आपल्याकडे ‘नसेल’ आहे, तेव्हा ‘नो एस्तारा एन कासा’ म्हणजे ‘घरी नसेल’, तिथे काहीच अडत नाही.