ट्यूबाच्या रिसीव्हरमध्ये माउथपीस सैल बसतो, काय करावं?

तुमच्या दारव्ह्याकडच्या बँड पार्टीने जुना जर्मन ट्यूबा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) घेतला, आधीच्या बेस वाद्याचा माउथपीस (ओठ लावून फुंकायचा भाग) त्यात पार आत जातो आणि हलतो, लग्नसराई तोंडावर आली, तर रिसीव्हर (माउथपीस ज्यात बसतो ते वाद्याच्या नळीचं तोंड) ठोकून बारीक करावा का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू भाऊ. माउथपीस बिघडला तर दुसरा मिळतो. रिसीव्हरचा गोल एकदा चेपला की मग कोणताच माउथपीस धड बसत नाही.

भानगड मापाची आहे. माउथपीसचा रिसीव्हरमध्ये जाणारा निमुळता भाग म्हणजे शँक. अमेरिकन मापाचा शँक टोकाला साधारण 13 मिमी, युरोपियन 14 च्या आसपास, आणि काही मोठ्या जर्मन वाद्यांचे रिसीव्हर त्याहूनही मोठे. फरक एका मिलिमीटरचा, पण शँकचा टेपर, म्हणजे निमुळतं होण्याचं प्रमाण, सुमारे 1:20 असतो. म्हणजे रिसीव्हर 1 मिमीने मोठा असला की माउथपीस 2 सेंटीमीटर जास्त आत सरकतो! एरवी इंचभरच आत बसणारी वस्तू ती. टोक आतल्या नळीच्या काठाला टेकतं, बाहेरच्या तोंडाशी फट राहते, म्हणून ते हलणं.

आधी कागद लावून बघा. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे 0.1 मिमी जाड असतो. त्याची पट्टी शँकवर नेमका एक वेढा बसेल अशी कापा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका. एका वेढ्याने व्यास 0.2 मिमी वाढतो आणि माउथपीस 4 मिमी बाहेर येतो. इंचभर आत राहून घट्ट बसेपर्यंत वेढे वाढवा आणि किती लागले ते लिहून ठेवा. पाचेक लागले तर युरोपियन शँकचा माउथपीस मागवलेला बरा. मग कागदावर पेन्सिलने उभ्या रेघा ओढा, माउथपीस घालून थोडा फिरवा, काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या तर टेपर जुळतो. एकाच टोकाला पुसल्या तर टेपरच वेगळा आहे, तिथे नुसती जाडी वाढवून भागत नाही.

नवा मिळेपर्यंत तालुक्याला पंपाचे बुश (आत बसणारी पोकळ नळकांडी) करणारा लेथवाला गाठा. वाद्य सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. 1 मिमीच्या फरकाला बुशची भिंत जेमतेम अर्धा मिमी येते, सुटी कातली तर चेपते. म्हणून जाड पितळी बुश आधी शँकवर बसवून कथलाचा डाग द्यायचा आणि बाहेरचा टेपर नंतर काढायचा. हा क्रम त्याला ठासून सांगा, कारण पंपाच्या बुशला ही नजाकत लागत नाही. टेफ्लॉन टेप एखाद्या वरातीपुरती चालेल, पण ती मऊ असल्याने माउथपीस डुलतोच. कागद तर वाफेने भिजून लगदा होतो.

माउथपीस बाहेर आला की नळीची लांबी वाढते, सूर थोडा उतरेल. मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) जरा आत घ्या.

आणि पोरांना माउथपीसवर तळहाताने थाप मारू देऊ नका, तो अडकतो. अडकलाच तर पाइप पान्याने पिळू नका, रिसीव्हरचा डाग सुटतो. त्यासाठी माउथपीस पुलर (अडकलेला माउथपीस ओढून काढायचं अवजार) मिळतो, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे असतोच.